कपाशीचं औषध

जांघेत गाठ आली तेव्हा चंपतरावांनी ती कोणाला सांगितली नाही. उभं राहिलं की ती फुगायची, आडवं झालं की आत जायची. म्हणून माणसांत ते बसूनच बोलायचे, आणि उठायचं झालं तर सगळे गेल्यावर उठायचे. बायको बयनाबाईला ठाऊक होतं. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिला गाठ दिसली नव्हती, नुसती कळली होती. ती म्हणायची, "दवाखान्यात जाऊन या." ते म्हणायचे, "जागा कोणती हाय ते पाह्य अगोदर."

शेवटी सुनेच्या लक्षात आलं. कापूस वेचून झाला होता आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. एक पऱ्हाटी ओढता ओढता चंपतराव जांघ दाबून खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. रुपानं पाणी नेऊन दिलं. विचारलं काही नाही. सासऱ्याशी बोलताना ती पदर पुढं ओढून बाजूला पाहून बोलायची. ते ओसरीत खाटेवर असले तर ती मागच्या दारानं जायची. आमच्याकडच्या शेतकरी घरांत अजून तसं चालतं. तिनं नवऱ्याला सांगितलं. लखन आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंगवर टेम्पो चालवतो. त्यानं दुसऱ्याच दिवशी बापाला टेम्पोत बसवलं आणि मावला गावाजवळच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टर बाई निघाली.

"लखन, हे काय रे? बाप्या डॉक्टर नाई का कोणी?"

"बाबा, हर्नियासाठी लोक लांबून येतात इच्याकडं."

"येऊ दे. म्या परत जातो."

डॉक्टर पद्मजांनी ते ऐकलं. आदिलाबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या त्या, शहरातली मराठी बोलायच्या. म्हणाल्या, "काका, मला रोजची सवय आहे. लाज वाटायची ती तुम्हालाच वाटणार. वाटू द्या, आणि आडवे व्हा."

चंपतराव आडवे झाले. तपासून होईपर्यंत त्यांनी छताचा पंखा पाहिला. घरी वस्तरा लावून येऊ नका, एवढं बाईंनी बजावलं. वस्तऱ्यानं डोळ्याला न दिसणारे काप पडतात आणि त्यांतून जंतू आत जातात. केस इथंच यंत्रानं काढू. हे ऐकून त्यांना घाम फुटला. पण ते काम एका पुरुष कंपाउंडरनं केलं, आणि त्याचे उपकार चंपतरावांनी मनोमन मानले.

ऑपरेशन नीट झालं. आत जाळी बसवली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना खाटेजवळ बोलावलं.

"गोळ्या?" चंपतरावांनी विचारलं.

"दुखण्याच्या दिल्यात."

"त्या नाई जी. पिकू नये म्हणून असतात त्या."

"ते औषध कापायच्या आधीच शिरेतून दिलं. आत जाळी, म्हणजे बाहेरची वस्तू ठेवायची होती, म्हणून दिलं. चाकू लागतो तेव्हा औषध रक्तात पाहिजे, तेव्हाच त्याचा उपयोग. आता जखम स्वच्छ आहे. अँटिबायोटिक नको."

"एकाच सुईत झालं?"

"एकाच. काका, तुम्ही कपाशीवाले ना? गुलाबी अळीवर औषध मारून मारून काय झालं?"

"आता मरतच नाई ते."

"जंतूंचं तसंच आहे. उगीच देत राहिलं की खऱ्या गरजेला लागू पडत नाही."

चंपतरावांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. अळीचं उदाहरण तर फारच पटलं.

"आता जखम रोज कोण बघणार?"

लखन पहाटे जातो तो अंधार पडल्यावर येतो. बयनाबाईला समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. लखन म्हणाला, "रुपा पाहीन."

रुपाचा पदर आणखी पुढं आला. डॉक्टर तिच्याकडं वळल्या. थोडी खाज, जराशी ओल असते, तिला घाबरायचं नाही. पण जखम लाल झाली, गरम लागली, पाणी वाहायला लागलं किंवा पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी घेऊन यायचं. कोरडी ठेवायची. आणि वरून काही म्हणजे काही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, राख नाही.

"हो जी," रुपा म्हणाली.

चंपतराव पुन्हा पंख्याकडं पाहत होते.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी रुपा दाराआडून म्हणाली, "मामाजी, पट्टी पाहू का?"

"तुही सासू पाहीन."

बयनाबाई खाली वाकली, नाक जवळजवळ टेकेपर्यंत. "मले तर सगळं पांढरंच दिसून राह्यलं. चांगलं असन."

"चांगलं हाय," चंपतरावांनी आत सांगितलं. "डोळे हायेत माह्ये."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग रुपा फक्त "बरं हाय ना मामाजी?" एवढं विचारायची आणि ते "हूं" म्हणायचे. खरंच बरं होतं. टाक्यांपाशी थोडी खाज यायची, थोडी ओल लागायची. बाईंनी सांगितलं होतं तेवढंच.

मग महिपत आला. महिपत शेजारचा, बरोबरीचा. त्याचंही हर्नियाचं ऑपरेशन मागं नांदेडकडं झालेलं. तो खाटेच्या कडेला बसला, पानाची चंची उघडली आणि म्हणाला, "क्यापसुला दाखव."

"कायच्या?"

"पिकू नये म्हणून देतात त्या. मले पिशवीभर देल्या होत्या. लाल-पिवळ्या. खाऊन खाऊन तोंड कडू झालं होतं माह्यं."

"मले नाई देल्या. आप्रेशनाच्या अगोदर एक सुई देली म्हणे."

"एक?" महिपतनं चंची बाजूला ठेवली. "एकच सुई? अरे लेका, बैलाले बी दोन देतात."

"बाईनं समजावून सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

चंपतराव सांगायला गेले. औषध रक्तात अगोदर पोचलं पाहिजे, मग नंतर लागत नाही, आणि अळीसारखं जंतूचंही... दवाखान्यात जे सरळ वाटलं होतं ते ओसरीत बसून सांगताना तुटक तुटक निघालं. महिपत ऐकत राहिला, मग हसला.

"एका फवारणीवर कोणाची कपाशी राह्यली हाय का रे? सांग. तुही राह्यली?"

"नाई."

"मंग? बाईले घाई असन. जाळी आत हाय तुह्या, पिकली तर काढा लागीन. माह्या सोयऱ्याची काढली. अर्धं पोट उघडून काढली."

सोयरा कोण, कुठला, हे चंपतरावांनी विचारलं नाही. महिपत गेला तरी तो सोयरा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. संध्याकाळी त्यांनी पट्टी उचलून पाहिली. टाक्यांशी ओल होती, कालही होती. पण आज तिच्याकडं पाहताना त्यांना अर्धं पोट उघडलेलं दिसलं.

लखनला सांगावं, तर तो म्हणेल रुपाला दाखवा. रुपाला दाखवायचं, तर तिथली लुंगी बाजूला सारायची. ते काही होणार नव्हतं.

कपाशीच्या पानांवर काळे कोनाकोनाचे डाग पडले की आमच्याकडं दोन पावडरी मिळून फवारतात. एक पांढरी, चिमूटभर पुडीत येते. दुकानदार तिला अँटिबायोटिकच म्हणतो, आणि ते खोटं नाही, ते झाडाचं अँटिबायोटिक आहे. दुसरी तांब्याची, निळसर. एकटी पांढरी कोणी मारत नाही. दोन्ही मिळूनच मारायची, ही पद्धत. हंगामात उरलेली पावडर चंपतरावांच्या गोठ्यात वळचणीला खोचलेली होती, पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून.

सगळे शेतात गेल्यावर ते गोठ्यात गेले. तळहातावर दोन्ही पावडरी घेतल्या, बोटानं मिसळल्या. पाण्यात कालवल्या नाहीत. जखम कोरडी ठेवायला सांगितली होती, तेवढं त्यांनी पाळलं. मग भिंतीला पाठ लावून, पट्टी उचलून, टाक्यांवर नीट शेवटपर्यंत भुरभुरवली. झोंबली. डोळ्यांत पाणी आलं. झोंबतं म्हणजे लागू पडतं, असं त्यांना वाटलं, आणि समाधानही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत लावली. मग आणखी एकदा, जरा जास्त.

जखम पेटली, अंगात ताप भरला. कातडी ताणून चकाकायला लागली, चालताना पाय फाकवावा लागला. पट्टीतून पाणी आलं, ते लुंगीला लागलं. चंपतरावांनी लुंगी स्वतः धुवायला घेतली. घरात दोन बायका असताना हा माणूस न्हाणीत बसून लुंगी धुतो, हे आमच्या गावात कोणी पाहिलं असतं तर सुनेला नावं ठेवली असती. रुपानं पाहिलं. ती घागर घेऊन आली होती. धुण्याच्या दगडावरून निळसर पाणी वाहत होतं. हंगामात तेच पाणी ती स्वतः ड्रममध्ये काठीनं घुसळायची, पंप भरून द्यायची. तिला दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती.

"लुंगी ठेवा मामाजी. मी धुते."

"झाली."

"पट्टी एकडाव पाहू द्या."

"बरी हाय म्हणलं ना!" चंपतराव ओरडले. लग्न होऊन आल्यापासून ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. रुपा घागर तशीच रिकामी घेऊन परतली.

रात्री तिनं लखनला एवढंच सांगितलं, की मामाजींना ताप आहे, उद्या दवाखान्यात न्या. निळ्या पाण्याचं काही सांगितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर पद्मजांनी पट्टी काढली आणि हात थांबवला. जखमेच्या कडा सुजून वर आल्या होत्या, मधून पू येत होता, आणि सगळीकडं निळसर-हिरवा थर बसला होता.

"हे काय आहे?"

लखननं रुपाकडं पाहिलं.

"मी विचारतेय, काय लावलंय यावर?" त्या रुपाकडं वळल्या. "तुम्हाला सांगितलं होतं ना? वरून काही लावायचं नाही. 'हो जी' म्हणाला होतात तुम्ही."

रुपा खाली पाहत उभी होती. चंपतरावांनी डोळे मिटले होते. सांगायला तोंडाशी आलं होतं. पण त्या जागेवर डॉक्टर वाकलेल्या, नर्स वाकलेली, लखन पायाशी, सून भिंतीशी. एवढ्या माणसांपुढं उघडं पडून वर आपला मूर्खपणाही सांगायचा. शब्द परत खाली गेला.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "हे काय आहे ते मला आत्ता कळायला हवं. नुसता पू असेल तर एक इलाज. फवारणीचं विष असेल तर दुसरा, आणि मग मी इथं ठेवणार नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवेन. अंदाजावर काम केलं तर जाळी जाईल. कदाचित माणूस जाईल."

"कपाशीवरची तांब्याची पावडर हाय जी," रुपा म्हणाली. "अन् त्याच्यासंगं मारतात ती पांढरी पुडी. अळीचं विष नाई."

"नक्की?"

"नक्की जी."

"कोणी लावलं?"

रुपानं पदर पुढं ओढून घेतला.

"म्या," रुपा म्हणाली.

चंपतरावांनी डोळे उघडले. रुपा त्यांच्याकडं पाहत नव्हती. त्यांनी डोळे पुन्हा मिटले.

"तुले डोकं हाय का?" लखनचा आवाज चढला. "बाप हाय माह्या तो! झाड हाय का, फवारणी कराले? एक काम सांगितलं होतं तुले, एक!"

"बाहेर," डॉक्टर त्याला म्हणाल्या. "आणि ताई, तुम्ही यापुढं या जखमेला हात लावायचा नाही."

त्यांनी काही टाके उघडले, जखम धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. पू तपासायला पाठवला, कोणतं औषध लागू पडेल ते पाहायला. "जाळीपर्यंत गेलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "अजून तरी. आता अँटिबायोटिक लागेल, शिरेतून. तेव्हा गरज नव्हती, काका. आता आहे."

चंपतरावांना दवाखान्यात ठेवून घेतलं. रुपा आली नाही. लखननं येऊ दिलं नाही. बयनाबाई येऊन खाटेजवळ खाली बसली. नर्स गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली,

"मले दिसत नाई. पण वास येते."

"कायचा?"

"जल्म गेला माह्या पंप धुण्यात. तुमच्या बोटाले त्याच पावडरीचा वास होता. सूनबाईच्या हाताले शेणाचा होता, भाकरीचा होता. त्या पावडरीचा नव्हता."

चंपतराव भिंतीकडं वळायला गेले. सलाइनच्या नळीमुळं वळता आलं नाही.

"मंग बोलली काऊन नाई तू?"

"मले वाटलं तुमी बोलान."

एवढं बोलून तिनं त्यांचे पाय दाबायला घेतले. घरी येईपर्यंत ती परत त्यावर बोलली नाही.

जखम उघडीच ठेवून भरू द्यायची होती. लखन पहाटे आणि रात्री पट्टी बदलायचा. मधे कधी भिजली तर लगेच बदलायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दिवसा बदलणारं माणूस घरात कोणी नव्हतं. जे होतं त्याला हात लावायची मनाई होती. रुपा जेवणाचं ताट आणून ठेवायची, उचलून न्यायची. लखन तिच्याशी बोलत नव्हता. चंपतराव रोज ठरवायचे, आज सांगू. लखन रात्री थकून यायचा, हात धुवायचा, पट्टी काढायचा. पोटच्या पोराचं तोंड इतकं जवळ आलं की त्यांना फक्त लाजच वाटायची, बोलणं सुचायचं नाही.

रागाच्या भरात लखननं महिपतला सांगितलं. महिपतनं चहाच्या हॉटेलात सांगितलं. मग गोष्ट गावाची झाली. महिपत चार जणांना घेऊन भेटायला आला. ओसरीत बसल्या बसल्या म्हणाला,

"चंपत, सून मोठी हुशार हाय तुही. आता डाग गेले असतीन पानावरचे!"

सगळे हसले.

"सांभाळून राह्य बरं. पुढच्या खेपेले अळीचं विष देईन ते."

आणखी हसले. चंपतरावही हसले. आपलं हसणं त्यांना स्वतःला ऐकू आलं, आणि आत चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज बंद पडल्याचंही ऐकू आलं. थोड्या वेळानं तो परत सुरू झाला.

गोष्ट बोथलाही पोचली. रुपाचं माहेर तिथलं. एके दिवशी दुपारी तिची आई रेणुकाबाई बसनं आली. बाप नव्हता रुपाला. या बाईनं एकटीनं पोरगी वाढवून लग्न लावून दिलेलं. ती लेकीला भेटायला आत गेली नाही. ओसरीत महिपत बसलेला, त्याच्याकडंही पाहिलं नाही. सरळ खाटेजवळ आली, पिशवीतून नारळ आणि नवी धोतरजोडी काढून चंपतरावांच्या पायाशी ठेवली आणि डोकं जमिनीला टेकवलं.

"भाऊ, पोर माही अडाणी निघाली. चूक तिची नाई, माही हाय. म्याच तिले शिकवलं नाई. मारा, शिव्या द्या, पण घरातून काढू नका. लोक म्हणतात सासऱ्याले विष देलं. तसं नाई हो तिच्या मनात. तसं नाई."

"ताई, उठा," चंपतराव म्हणाले. "पाय सोडा. उठा."

"माफ केलं म्हणा, मंग उठते."

खाटेवर पाय ओढून घ्यायला जागा नव्हती. जखम ओढली गेली. तिचे पिकलेले केस त्यांच्या घोट्याला लागत होते.

"तिनं नाई लावलं," चंपतराव म्हणाले. "म्या लावलं."

रेणुकाबाईनं डोकं वर केलं. तिचे डोळे भरून आले. "मन मोठं हाय तुमचं भाऊ. दुसरा असता तर..."

"वा!" महिपत म्हणाला. "सुनेले वाचवाले सासरा असा पाह्यजे. चंपत, मानलं तुले."

सगळ्यात जड गोष्ट चंपतरावांनी उचलून बाहेर टाकली होती आणि ती लोकांनी हार करून त्यांच्याच गळ्यात घातली होती. इथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. गाव त्यांना चांगलं म्हणालं असतं. रुपाचा गुन्हाही माफ झाला असता. फक्त गुन्हा तिचाच राहिला असता.

"ऐका," ते म्हणाले. "गोठ्यात वळचणीले पिशवी होती. सगळे वावरात गेले तवा म्या गेलो. या हातावर दोनी पावडरी घेतल्या, या बोटानं मिसळल्या. भिताडाले टेकून लावल्या. एकडाव नाई, लावतच गेलो. महिपत, तू म्हणला होता ना, एका फवारणीवर कपाशी राह्यते का? तुह्या ऐकून लावलं. तुह्यावर नाई ढकलत. हात माह्येच होते. रोज सूनबाई पट्टी पाहू का म्हणे, म्या तिले पाहू देली नाई. लुंगी म्याच धुतली, चोरून. तिनं निळं पाणी पाह्यलं. तरी घरात कोणाले बोलली नाई ते."

महिपत आता हसत नव्हता.

"अन् दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं इचारलं तवा म्या जागा होतो. शुद्धीत होतो. म्या गप राह्यलो. ते म्हणली 'म्या लावलं', तवा म्या डोळे उघडून तिच्याकडं पाह्यलं." ते थांबले नाहीत. "पाह्यलं, अन् परत मिटले."

महिपतनं चंची गुंडाळली. "बरं, म्या निघतो. बैल सोडाचे हायेत," असं काहीतरी म्हणून तो गेला. बैल त्यानं केव्हाच विकले होते.

रेणुकाबाई उठून बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग हात पुढं करून तिनं नारळ आणि धोतरजोडी पायाशी होती तिथून स्वतःच्या गुडघ्याजवळ ओढून घेतली. तिच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, पण ते आता कोणासाठी होतं ते चंपतरावांना दिसत होतं. तिनं आत हाक मारली.

"रुपे, इकडं ये."

रुपा दारात आली.

"खरं हाय हे?"

रुपानं मान हलवली.

"अन् तू गावाचं ऐकत राह्यली? लोक माह्या तोंडावर थुंकले असते, तरी?"

"काय करू माय? त्याइले सांगता येत नव्हतं. अन् सांगितल्याबिगर इलाज होत नव्हता."

"त्याइले सांगता येत नव्हतं," रेणुकाबाई म्हणाली. तिनं ते वाक्य चंपतरावांकडं न पाहता म्हटलं. "जावई कुठं हायेत?"

"कामावर."

"फोन लावा भाऊ. त्याइले सांगा. माह्या समोर."

फोन बयनाबाईच्या उशाशी होता. रुपानं नंबर लावून खाटेवर ठेवला, हातात दिला नाही. लखन टेम्पो चालवत असावा, मागं हॉर्न वाजत होते. चंपतरावांनी सांगितलं. आता कमी शब्द लागले. पलीकडं गाडी बाजूला घेतल्यासारखं झालं, हॉर्न मागं पडले.

"बाबा," लखन म्हणाला, "म्या तिले तिथं सगळ्याइच्या समोर..."

"हो."

"तुमाले ऐकू येत होतं?"

"हो."

फोन बंद झाल्याचा आवाज आला. शिवी दिली असती तरी चंपतरावांना बरं वाटलं असतं.

उठाबसीत पट्टी भिजली होती. लुंगीवर डाग पसरला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. बयनाबाई म्हणाली, "लखन येईतवर असंच ठेवता काय? सूनबाई, तू बदल."

"डॉक्टरीनबाईनं मले हात लावू नको म्हणलं हाय," रुपा म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. जे खरं होतं ते तिनं सांगितलं.

मग चंपतरावांनी तिला दुसरा नंबर लावायला सांगितला. डॉक्टर पद्मजांना ओळख पटवून द्यायला वेळ लागला. मग त्यांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, की पावडर म्या लावली, सुनेनं नाही, आणि तुमी तिले बोलल्या ते बोलणं माह्या वाट्याचं होतं. डॉक्टरांच्या मागं कोणीतरी तेलुगूत विचारत होतं, त्यांनी त्याला थांबायला सांगितलं.

"तिला फोन द्या," त्या म्हणाल्या.

रुपा फोन घेऊन दाराबाहेर गेली. काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. "हो जी... नाई जी... हो जी," एवढंच आत येत होतं. परत आली तेव्हा तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, ते वर धरून वाळवले, आणि पट्टीचं नवं पाकीट घेऊन खाटेच्या या बाजूला आली. या बाजूला ती आजवर कधी उभी राहिली नव्हती.

रेणुकाबाई दाराकडं तोंड करून बसली. लेकीची पिशवी तिनं भरूनच ठेवली होती. संध्याकाळच्या बसनं लेकीला चार दिवस घेऊन जाणार, हे तिनं कोणाला न विचारता सांगून टाकलं होतं. कोणी नाही म्हटलं नाही.

चंपतरावांनी लुंगी स्वतः बाजूला केली. हात मात्र तिथंच राहिला, झाकल्यासारखा.

"हात काढा मामाजी," रुपा म्हणाली. "जखम दिसत नाई मले."

त्यांनी हात काढला.